थेंब घातले की बरं, तासाभरात पुन्हा चुरचुर: कोरड्या डोळ्यांचा दोष नेमका कुठे शोधायचा?

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. सकाळी ठीक असतं. दुपारच्या जेवणानंतर डोळे चुरचुरायला लागतात, संध्याकाळी वाळू गेल्यासारखं खुपतं, रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे फाटल्यासारखे दिसतात. मेडिकलमधून आणलेले थेंब घातले की दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बाटली संपते, दुसरी येते, कंपनी बदलते, त्रास मात्र जागचा हलत नाही.

अमरावतीत डोळे तपासण्याचं काम करताना रोज हेच ऐकते. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून आलेल्या बऱ्याच जणांचा नंबर जसाच्या तसा निघतो. बिघडलेली असते ती पापणीची कड, आणि तिच्याकडे आजवर कुणी पाहिलेलंच नसतं. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात थेंबांचा नंबर बराच नंतर येईल.

डोळ्यांतून पाणी येतं, मग डोळे कोरडे कसे?

हा आक्षेप हमखास येतो आणि तो रास्त आहे.

डोळ्यावरचं अश्रूंचं आवरण मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढं पातळ असतं. त्यात तीन गोष्टी असतात. डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्याकडे असलेल्या अश्रुग्रंथीतून येणारं पाणी. पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यातून येणारा चिकट स्राव, जो ते पाणी बुबुळाला धरून ठेवतो. आणि सगळ्यांत वर तेलाचा थर. हे तेल पापण्यांच्या आत ओळीने बसलेल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांची बारीक तोंडं पापणीच्या केसांच्या मागे, अगदी कडेवर उघडतात. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. पापणी लवली की या ग्रंथी किंचित दाबल्या जातात, जरासं तेल बाहेर येतं आणि पापणी वर जाता जाता ते डोळाभर पसरवते.

तेल कमी पडलं की खालचं पाणी भराभर उडून जातं. बुबुळ उघडं पडतं. शरीरातल्या सगळ्यांत नाजूक संवेदना असलेल्या जागांपैकी ती एक, त्यामुळे तिथल्या नसा लगेच खवळतात आणि अश्रुग्रंथी भसकन पाणी सोडते. या पाण्यात तेल जवळजवळ नसतंच, ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं. दुचाकीवर वारा लागला की धारा लागतात त्या बऱ्याचदा कोरड्या डोळ्यांतूनच.

पाणीच कमी तयार होणं हाही कोरडेपणाचा एक प्रकार आहे, पण तयार झालेलं पाणी उडून जाण्याचा प्रकार जास्त आढळतो. पुष्कळांना दोन्ही थोडं थोडं असतं. बाजारात मिळणारे बहुतेक थेंब पाण्याची भर घालतात. ते उडून जाणं थांबवत नाहीत. तासाभराने पुन्हा चुरचुर का होते, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

मुळात हा त्रास कोरडेपणाचाच आहे का?

डोळे चोळून चोळून काढावेसे वाटत असतील, आतल्या कोपऱ्याला खाज असेल, सोबत शिंका असतील, तर ॲलर्जीचा संशय घ्या. कोरडेपणात चुरचुर आणि जळजळ जास्त, खाज कमी. ॲलर्जी असो वा नसो, डोळे चोळणं बंद. सतत चोळण्याचा आणि बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याच्या आजाराचा संबंध आहे, आणि तो आजार तरुण वयातच सुरू होतो. आठवी-नववीतला मुलगा दिवसभर मुठीने डोळे चोळत असेल तर नुसतं ओरडून सोडू नका, दाखवून आणा.

सकाळी पापण्या चिकटलेल्या, भरपूर घाण, आधी एक डोळा आणि मग दुसरा, घरात आणखी कुणाला तसंच, तर डोळे आलेत. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर ती साथ पसरली होती. विषाणूने डोळे आले की लाली गेल्यावरही काही आठवडे खुपत राहू शकतं. ते मात्र कोरडेपणाच्या वाटेने बरं होतं, अँटिबायोटिक थेंब पुन्हा पुन्हा घालून नाही.

आणि चाळिशी! वय ४२-४३, पेपर हात लांब करून वाचायचा, मोबाइलवरची अक्षरं मोठी करून ठेवलेली, संध्याकाळी कपाळ दुखतं, डोळे जड होतात. इथे अर्ध्या वेळा जवळचा चष्मा लागतो एवढंच. पण "इतक्यात चाळिशी?" म्हणून दोन-दोन वर्षं थेंबांवर काढणारे लोक आहेत.

त्रास फक्त एकाच डोळ्याला असेल तर कोरडेपणावर ढकलू नका. आत वळलेला एखादा पापणीचा केस, वरच्या पापणीखाली अडकलेला कण, असं काहीतरी निघतं.

पुढचं काही असेल तर वाचत बसू नका, नेत्रतज्ज्ञांकडे जा: नजर कमी झाली, उजेड सहन होत नाही, ठणका आहे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, कॉन्टॅक्ट लेन्स वापरता आणि डोळा लाल होऊन दुखतो. एक डोळा लाल, डोकं फुटेल असं दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलयं आणि उलटी असं एकत्र आलं तर काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. त्यात तास मोजावे लागतात, दिवस नाही. डोळ्यात चुना किंवा ॲसिड उडालं तर आधी नळाखाली डोळा धरून किमान पंधरा-वीस मिनिटं धुवायचा, मग दवाखाना.

शेतकऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. उसाचं पान, भाताचं तूस, तुरीची काडी डोळ्याला लागली आणि दोन दिवसांनी डोळा लाल झाला, तर मेडिकलवाल्याने दिलेला थेंब घालू नका. अशा जखमेत बुरशी शिरते. त्या थेंबात स्टेरॉइड असेल तर बुरशीला रान मोकळं मिळतं, आणि डोळा जाण्यापर्यंत वेळ येते.

घरच्या घरी करायच्या तीन चाचण्या

पहिली सेकंदांची. दोनदा पूर्ण पापण्या मिटा, मग डोळे उघडे ठेवून सहज समोर बघा, ताणून नाही. किती सेकंदांनी टोचायला लागतं किंवा दिसणं धूसर होतं? दहा सेकंदांच्या आत होत असेल तर अश्रूंचं आवरण लवकर फाटतंय. दवाखान्यात हेच आम्ही केशरी रंगाची पट्टी डोळ्याला लावून, निळ्या उजेडात मोजतो. घरची मोजणी अंदाजापुरती, पण दिशा कळते.

दुसरी आरशातली. चांगल्या उजेडात खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढा आणि कडेकडे बघा. कड गुळगुळीत हवी. ती लालसर, जाडसर असेल, वर साबणाच्या फेसासारखे बारीक बुडबुडे असतील, ग्रंथींच्या तोंडाशी पांढरे ठिपके असतील, तर तेलाचा रस्ता तुंबलाय. पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंडा आहे का तेही बघा. केसाच्या बुंध्याला नळीसारखी गुंडाळलेली खपली दिसली तर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म जीव असण्याची शक्यता मोठी; त्यासाठी वेगळं औषध लागतं, ते डॉक्टरांना सांगा. वारंवार रांजणवाडी होत असेल तर कडेचा दोष जवळपास नक्की धरा.

तिसरी चाचणी मोबाइलची, आणि लोकांना सगळ्यांत जास्त धक्का हिनेच बसतो. काम करताना मोबाइल समोर उभा करून स्वतःच्या चेहऱ्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या. पहिली दोन मिनिटं सोडून द्या, कारण तोवर तुम्हाला कॅमेऱ्याचं भान असतं. पुढच्या भागात पापण्या किती वेळा लवतात ते मोजा, आणि त्यांतल्या किती पूर्ण मिटतात ते बघा. एरवी माणसाच्या पापण्या मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवतात. स्क्रीनसमोर हा आकडा निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतो. त्यातही वरची पापणी अर्ध्यावरून परत फिरते, म्हणजे बुबुळाचा खालचा भाग तासन्‌तास न पुसलेला आणि ग्रंथी न दाबलेल्या.

त्रास कधी वाढतो हेही लिहून ठेवा. उठल्या उठल्या सर्वांत जास्त असेल तर पापण्यांची सूज, किंवा झोपेत डोळे अर्धवट उघडे राहणं. घरच्यांना विचारा, त्यांना माहीत असतं. दिवस चढेल तसा वाढत असेल तर स्क्रीन, एसी, वारा.

कडेची दुरुस्ती: सेक, मालीश, सफाई

गेल्या उन्हाळ्यात बँकेत काउंटरवर बसणाऱ्या एक ताई आल्या. पर्समधून थेंबांच्या बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. "मॅडम, एकही वेळ चुकवत नाही मी, तरी बघा." मी बाटल्या उलटून नावं वाचली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत औषध तेच होतं, एकात डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड होतं. मग त्यांना मशिनवर बसवून खालच्या पापणीची कड कापसाच्या काडीने हलकेच दाबली. तिथून पाण्यासारखं स्वच्छ तेल यायला हवं. काही तोंडांतून काहीच आलं नाही. काहींतून पिवळट पांढरी, दोऱ्यासारखी वळी बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. मोबाइलवर फोटो काढून त्यांना दाखवला. "अगं बाई, हे माझ्या डोळ्यात?" असं म्हणून त्या बराच वेळ फोटोच बघत राहिल्या. महागातले महाग थेंब ही वळी हलवू शकत नाहीत.

थंडीत बाटलीत गोठलेलं खोबरेल आपण काडीने कोरत नाही, बाटली गरम पाण्यात ठेवतो. इथेही तेच करायचं.

स्वच्छ सुती रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळा आणि मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सुखाने सोसेल इतकंच गरम, साधारण ४० ते ४५ अंश. लोकांचा सेक फसतो तो इथे: रुमाल दोन मिनिटांत गार होतो आणि पुढची आठ मिनिटं गार फडकं डोळ्यांवर राहतं. म्हणून दोन रुमाल घ्या, झाकणाच्या भांड्यात गरम पाणी ठेवा, आलटून पालटून बदला. एकूण आठ ते दहा मिनिटं. रुमालाचा कंटाळा येत असेल तर स्वच्छ सुती पिशवीत कोरडे तांदूळ भरून पोटली शिवा आणि तव्यावर कोमट करा. ती जास्त वेळ ऊब धरते. मात्र दर वेळी आधी मनगटावर लावून बघायची. पापणीची कातडी फार पातळ असते, चटका लगेच बसतो. डोळ्यावर दाब द्यायचा नाही.

सेक संपला की लगेच मालीश, तेल परत घट्ट व्हायच्या आत. डोळे मिटलेले. वरच्या पापणीवर बोटाचा सपाट भाग ठेवून वरून खाली कडेकडे, खालच्या पापणीवर खालून वर कडेकडे. आतल्या कोपऱ्यापासून बाहेरपर्यंत पाच-सहा वेळा, हलक्या हाताने. आपण बुबुळ चोळत नाही आहोत, ग्रंथी रिकामी करतोय. यानंतर काही मिनिटं धूसर दिसतं, ते बाहेर आलेलं तेल. त्या वेळात गाडीला किल्ली लावू नका.

मग सफाई. उकळून गार केलेल्या अर्ध्या वाटी पाण्यात लहान बाळांच्या शॅम्पूचे दोन-तीन थेंब, त्यात कापसाची काडी बुडवून पापणीच्या केसांच्या मुळाशी आडवी फिरवायची आणि साध्या पाण्याने धुवायचं. शॅम्पूने झोंबत असेल तर पापण्या पुसायचे तयार ओले रुमाल मेडिकलमध्ये मिळतात, ते जरा महाग पडतात. काडी पापणीच्या आत घालायची नाही.

पहिला महिना दिवसातून दोनदा, मग रोज एकदा. तीन-चार आठवड्यांनी फरक जाणवायला लागतो. चौथ्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारे सर्वांत जास्त. बरं झाल्यावर पूर्ण बंद केलं तर काही महिन्यांत परत तुंबतं. दात घासण्यासोबत याचीही वेळ लावून टाका. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, बुबुळ शंकूसारखं झालेलं असेल किंवा डोळा आत्ता पिकलेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सेक-मालीश नको.

काजळ आणि आयलायनर केसांच्या आतल्या कडेवर ओढण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. तिथेच ग्रंथींची तोंडं आहेत, आपण रोज सकाळी त्यांच्यावर लेप देतो. केसांच्या बाहेरून लावा, आणि झोपण्याआधी पुसा. सुरम्याबद्दल मात्र तडजोड नाही: बऱ्याच सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर काजळ नको, सुरमा नको, काहीच नको. दृष्टीसाठी तीट गालाला लावा.

स्क्रीन, एसी, कूलर

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघायचं, हा नियम जेफ अँशेल या कॅलिफोर्नियातल्या ऑप्टोमेट्रिस्टनी १९९० च्या दशकात सुचवला. पाठ सगळ्यांना असतो. लांब बघितल्याने डोळ्याचा आतला स्नायू सैल पडतो, पण कोरडेपणासाठी त्या वीस सेकंदांत पापण्या मिटणं जास्त महत्त्वाचं. मिटा, दोन सेकंद तसेच राहा, हलकेच आवळा, उघडा. असं पाच वेळा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद असतो तेव्हा करायला हरकत नाही.

स्क्रीनची उंची हा दुर्लक्षित मुद्दा आहे. मान दुखते म्हणून लोक लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर चढवतात आणि मग वर बघत काम करतात. नजर वर गेली की डोळा जास्त उघडतो आणि बाष्पीभवन वाढतं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली राहील इतकंच उंच करा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचं विचाराल तर, थकव्यासाठी मी ते सुचवत नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने झालेल्या चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी निदान थोड्या काळात तरी कमी होतो असं त्यात दिसलं नाही. दुकानात त्या काचा आग्रहाने विकल्या जातात, हे मला ठाऊक आहे. त्या पैशांत बिनप्रिझर्व्हेटिव्हचे, म्हणजे टिकवण्यासाठी रसायन न घातलेले थेंब येतील.

एसीची झोत थेट तोंडावर येत असेल तर जागा बदला किंवा पाती फिरवा. इकडे विदर्भात एसीपेक्षा कूलरचा प्रश्न मोठा. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, कूलरसमोर खाट, आणि रात्रभर वारा चेहऱ्यावर. कूलरची हवा ओलसर असते म्हणून चालेल असं वाटतं, पण झोपेत ज्याचे डोळे जरा उघडे राहतात त्याला तो वाराच बाधतो. खाट पायाकडून वारा लागेल अशी फिरवा. दुचाकीवर स्कार्फ गुंडाळून नाक-तोंड झाकतो आणि डोळे तेवढे उघडे ठेवतो. हेल्मेटची काच खाली घ्या, नाहीतर बाजूने बंद असलेला साधा पारदर्शक गॉगल लावा.

आता थेंब

थेंब निरुपयोगी नाहीत. वरची कामं चालू असताना डोळ्याला आराम द्यायला ते लागतातच. फक्त काय घालतोय ते वाचा.

कार्बॉक्सिमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के हा आपल्याकडचा नेहमीचा वंगणाचा थेंब. त्याचाच १ टक्क्याचा जरा घट्ट असतो. जास्त टिकतो पण थोडा वेळ धूसर दिसतं. सोडियम हायलुरोनेट, पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही आणखी नावं. कुणाला कुठला मानवेल हे घालूनच कळतं. महाग म्हणजे चांगला असं नाही. रात्रीसाठी जेल किंवा मलम.

नावापेक्षा महत्त्वाची ओळ बारीक अक्षरांत असते: प्रिझर्व्हेटिव्ह. तिथे बेन्झाल्कोनियम क्लोराइड लिहिलं असेल तर तो थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा, महिनोन्‌महिने घालू नका. ते रसायन बुबुळाच्या पृष्ठभागाला आणि अश्रूंच्या आवरणाला इजा करतं, म्हणजे कोरडेपणाच्या औषधानेच कोरडेपणा. स्टॅबिलाइज्ड ऑक्सिक्लोरो कॉम्प्लेक्स असेल तर ते त्या मानाने सौम्य. वारंवार थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. साधी बाटली उघडल्यावर महिन्याने टाकून द्यायची, उरली असली तरी. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनने लिहा.

लाली घालवणारे थेंब, ज्यांत नॅफाझोलिनसारखं औषध असतं, ते रक्तवाहिन्या आकसून डोळे पांढरेशुभ्र करतात. लग्नाच्या फोटोंपुरते ठीक. रोज घातले तर औषधाचा असर उतरला की लाली आधीपेक्षा जास्त होते.

ज्याच्या नावात डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमिथोलोन आहे तो स्टेरॉइडचा थेंब. पाटीवर अँटिबायोटिकचं नाव आधी असतं आणि हे मागून येतं, त्यामुळे लक्षात येत नाही. याने एका दिवसात इतकं बरं वाटतं की लोक जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर तोच आणतात. डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. दाब वाढलेला दुखत नाही. असा थेंब काही आठवडे घातला असेल तर एकदा दाब मोजून घ्या. आणि तो थेंब डॉक्टरांनी आत्ता दिलेला असेल तर स्वतःच्या मनाने एकदम तोडूही नका, आधी त्यांना विचारा.

घालताना एकच थेंब. डोळ्यात जेमतेम एका थेंबापुरती जागा असते, दुसरा गालावरच जातो. खालची पापणी ओढून त्या खोबणीत सोडा, डोळा मिटा, नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं, मलम शेवटी.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, अंगावरचं दूध: माझं मत सरळ आहे, डोळ्याच्या आत काही नको. निर्जंतुक नसलेली कुठलीही गोष्ट आत गेली की जंतूंना वाट मिळते, आणि कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी तर नळाचं पाणीही डोळ्याला लावू नये. गार दुधाची किंवा गुलाबपाण्याची घडी मिटलेल्या पापण्यांवर ठेवली तर गार वाटतं, तेवढं करा. काकडीचे कापही त्याच हिशोबात. आजीच्या बटव्यावर माझा राग नाही, बटवा डोळ्याच्या बाहेर उघडा एवढंच.

माशाच्या तेलाच्या गोळ्या विचारून घ्या. २०१८ मध्ये अमेरिकेत मोठी चाचणी झाली, त्यात रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेलाच्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

दीड-दोन महिने नेटाने करूनही फरक नसेल तर

मग दोष डोळ्याबाहेर शोधावा लागतो. सर्दी-ॲलर्जीची सेटिरिझिनसारखी गोळी, नैराश्यावरच्या काही गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, हे सगळे डोळे कोरडे करू शकतात. आयसोट्रेटिनॉइन तर थेट तेलाच्या ग्रंथींवर घाव घालतं. गोळी स्वतः बंद करू नका, लिहून दिलेल्या डॉक्टरांना सांगा. पाळी जाण्याच्या सुमारास त्रास वाढतो. मधुमेह, थायरॉइड, चष्मा घालवायचं लेझर ऑपरेशन, मोतीबिंदूचं ऑपरेशन यांनंतरही.

डोळ्यांसोबत तोंडही कोरडं पडत असेल, पोळी-भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर श्योग्रेन सिंड्रोमची तपासणी हवी. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळग्रंथींवर उलटते. रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया, बऱ्याच चाळिशी-पन्नाशीतल्या, आणि "वयच झालं आता" म्हणून घरात वर्षानुवर्षं मागे सारलेल्या.

दवाखान्यात शर्मर चाचणी होईल: खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती ओली होते ते बघतात. ५ मिलिमीटरच्या आत राहिली तर पाणीच कमी तयार होतंय. तसं निघालं तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. ते सुरुवातीला झोंबतात आणि त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही महिने लागतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. अश्रू वाहून जाणारी बारीक छिद्रं बंद करायच्या बुचाचाही पर्याय असतो, पण कडेला सूज असताना तो घाईने घेऊ नका. आधी सूज उतरवायची.

जाताना सगळ्या बाटल्या न्या, रिकाम्यासुद्धा. चालू असलेल्या गोळ्यांची पानं न्या. त्या दिवशी काजळ लावू नका आणि तपासणीआधी दोन तास थेंब घालू नका. डॉक्टरांनी नुसतं "कोरडे आहेत, थेंब घाला" म्हटलं तर विचारा: पाणी कमी आहे की तेल? पापणीची कड दाबून बघितली का?